नवी कोरी गाडी, तोच प्रॉब्लेम परत परत, आणि सर्विसवाले म्हणतात "नॉर्मल आहे"

निळी_छत्री:

नमस्कार मंडळी, डोकं पार भंजाळून गेलंय म्हणून लिहितेय, जरा लांबण लागेल पण वाचा प्लीज.

आम्ही नवी गाडी घेतली, पेट्रोल, ऑटोमॅटिक, ड्युअल क्लच गिअरबॉक्सवाली. अजून वॉरंटीत आहे. कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाहीये, नाहीतर सगळी चर्चा ती कंपनी चांगली का वाईट यावरच जाईल आणि माझं राहील बाजूला.

तीन गोष्टी होतायत. एक म्हणजे ट्रॅफिकमध्ये गाडी हळूहळू सरकत असली की हादरे देते, स्टिअरिंगपासून सीटपर्यंत सगळं थरथरतं. गाडी थंड असताना अजिबात नाही, बराच वेळ जॅममध्ये अडकलं की मग सुरू होतं आणि चढावर तर विचारूच नका. दुसरं, चेक इंजिनचा लाईट. मधेच लागतो, कधी नुसता लागून राहतो तर कधी ब्लिंक होतो, तेव्हा गाडी मिसिंग मारल्यासारखी चालते, पिकअप मिळत नाही, आणि एक-दोन दिवसांनी लाईट आपोआप गायब. माझ्या लक्षात आलंय की पावसात किंवा गाडी धुतल्यावर हे जास्त होतं. आणि तिसरं, गाडी तीन-चार दिवस उभी राहिली की बॅटरी उतरते. बॅटरी त्यांनी बदलून दिली, तरी तेच.

कितीदा तरी सर्विस सेंटरला नेऊन झाली. दर वेळी तेच, "स्कॅन केलं, एरर क्लिअर केली, ट्रायल घेतली, ओके आहे." जॉब कार्डवर बघितलं तर "जनरल चेकअप" एवढंच लिहिलेलं. हादऱ्यांचं विचारलं तर म्हणे ड्युअल क्लचला एवढं असतंच, आणि वर हे पण, की मॅडम तुमच्या चालवण्यामुळे होतंय. मी इतकी वर्षं गाडी चालवतेय, आधीच्या गाडीला काही झालं नाही, मला खरंच फार लागलं ते.

आता मला हे सांगा की हे तीन वेगळे प्रॉब्लेम आहेत का एकाच कशामुळे होतंय, आणि या लोकांकडून काम नक्की करून कसं घ्यायचं? भांडून बघितलं, उपयोग शून्य.

---

साधा_माणूस:

ताई वाईट वाटलं वाचून. नवीन गाडीला सेट व्हायला थोडा वेळ लागतो पण, पहिली काही हजार किलोमीटर होऊ द्या, कदाचित आपोआप सुटेल. आणि नाहीच सुटलं तर सरळ विकून दुसरी घ्या, मनस्ताप वाचेल. एवढं डोक्याला लावून घेऊ नका.

---

तेरा_नंबर_पाना:

साधा_माणूस, तुमचा हेतू चांगला आहे पण हे ताईंनी ऐकू नये असं मला मनापासून वाटतं. मी बरीच वर्षं वर्कशॉपमध्येच काढलीत. ब्रेक पॅड बसायला थोडं रनिंग लागतं, नवे टायर थोडे घासले की ग्रिप सुधारते, हे सगळं खरं. पण मिसिंग मारणारी गाडी रनिंगने सुधारत नाही, उलट नुकसान वाढत जातं. आणि वॉरंटीतली गाडी दोष तसाच ठेवून विकायची म्हणजे आपलं नुकसान करून दुसऱ्याच्या गळ्यात मारायची.

ताई, आधी लाईटचं घेतो कारण तेच सगळ्यात महत्त्वाचं आहे. चेक इंजिन लाईट नुसता लागून राहणं आणि ब्लिंक होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ब्लिंक होतो तेव्हा इंजिन मिसिंग मारतंय, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल जळत नाहीये आणि ते तसंच एक्झॉस्टमध्ये जाऊन कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (एक्झॉस्टचा धूर स्वच्छ करणारा भाग) पेटतंय. त्याने कन्व्हर्टर आतून वितळू शकतो. त्यामुळे ब्लिंक झाला की अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय हलका करा, गाडी दामटू नका, सुरक्षित जागा बघून बाजूला घ्या, आणि चालवलीच नाही तर उत्तम.

आता हे जे "एरर क्लिअर केली" म्हणतात ना, खरा घोळ तिथे आहे. गाडीच्या कॉम्प्युटरला दोष दिसला की तो एक कोड साठवतो, एक अक्षर आणि चार आकडे. पी म्हणजे इंजिन-गिअरबॉक्स, सी म्हणजे चासी, बी म्हणजे बॉडी आणि यू म्हणजे कंट्रोल युनिटांचं आपसातलं कम्युनिकेशन. मिसिंगचे कोड पी०३०० पासून सुरू होतात. पी०३०० म्हणजे मिसिंग आहे पण एका ठराविक सिलिंडरवर नाही, पी०३०१ पहिला सिलिंडर, पी०३०२ दुसरा, असं पुढे. आणि कोडबरोबर कॉम्प्युटर त्या क्षणाची नोंद पण ठेवतो, तिला फ्रीझ फ्रेम म्हणतात. त्या वेळी आरपीएम किती होता, कूलंटचं तापमान किती, स्पीड किती, इंजिनवर लोड किती, सगळं त्यात असतं. ज्या माणसाला दोष शोधायचा आहे त्याच्यासाठी ही नोंद म्हणजे सोनं, आणि कोड क्लिअर केला की तीही पुसली जाते. मग गाडी कोरडी, ऊन पडलेलं, ट्रायल घेतली, काही होत नाही, ओके म्हणून परत. दोष शोधायचं काम सुरूच झालं नाही.

लाईट आपोआप विझला म्हणजे दोष गेला असंही नाही. बऱ्याच दोषांना कॉम्प्युटर लगेच लाईट लावत नाही, पहिल्यांदा दिसला की पेंडिंग म्हणून ठेवतो, पुढच्या ड्राईव्हला परत दिसला की लाईट लावतो, आणि मग सलग काही ड्राईव्ह दिसला नाही की लाईट विझवतो. पण कोड मेमरीत बराच काळ राहतो. म्हणून लाईट गेला असला तरी गाडी न्या आणि क्लिअर करायच्या आधी कोड आणि फ्रीझ फ्रेमचा प्रिंट मागा, नाहीतर स्क्रीनचा फोटो काढू द्या म्हणा. द्यायला काहीच अडचण नसते हो, एक बटण दाबायचं असतं.

पावसात किंवा धुतल्यावर होतंय म्हणता, हे फार कामाचं सांगितलंत. इग्निशन कॉइलच्या (प्लगला ठिणगीसाठी करंट देणारा भाग) रबराला बारीक चीर असेल, प्लगच्या विहिरीत पाणी उतरत असेल, किंवा कॉइलच्या कनेक्टरची पिन ढिली असेल, माझा संशय तिथेच जातो. बघायला सोपं आहे. समजा पी०३०२ आला, तर दुसऱ्या सिलिंडरची कॉइल काढून तिसऱ्यावर लावायची आणि तिसऱ्याची दुसऱ्यावर. पुढच्या वेळी कोड पी०३०३ झाला तर कॉइल खराब. पी०३०२ च राहिला तर कॉइल सोडा, प्लग, इंजेक्टर, वायरिंग बघा. आणि हे बघताना बोनेट उघडून त्या भागावर पाण्याचा बारीक फवारा मारून बघायला सांगा, कोरड्या गाडीत हा दोष सापडणारच नाही.

---

घाटवाट:

पानावाल्यांनी लाईटचं छान सांगितलं, मी हादऱ्यांबद्दल लिहितो कारण "तुमच्या चालवण्यामुळे होतंय" हे वाचून मला राग आला.

ऑस्ट्रेलियात अगदी हेच झालं होतं आणि ते कोर्टात गेलं. फोर्डच्या फिएस्टा, फोकस आणि इकोस्पोर्टमध्ये पॉवरशिफ्ट नावाचा ड्युअल क्लच गिअरबॉक्स होता, लोक हादऱ्यांच्या तक्रारी घेऊन यायचे आणि कित्येकांना सांगितलं जायचं की तुमची चालवण्याची पद्धत चुकतेय. तिथल्या ग्राहक आयोगाने केस केली आणि २०१८ मध्ये फेडरल कोर्टाने फोर्ड ऑस्ट्रेलियाला १ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर दंड केला, गाड्यांच्या दोषापेक्षा तक्रारी ज्या पद्धतीने हाताळल्या त्यासाठी. तुमची गाडी कुठली ते मला माहीत नाही आणि तिचा या केसशी काही संबंध आहे असं मी म्हणत नाही, सांगायचं एवढंच की हे वाक्य ऐकून घरी परत येऊ नका.

आता आत काय होतं ते. ड्युअल क्लचमध्ये दोन क्लच असतात, एकावर १-३-५ आणि दुसऱ्यावर २-४-६ असे गिअर. काही गाड्यांत हे क्लच तेलात बुडालेले असतात, काहींत कोरडे, मॅन्युअल गाडीसारखे. कोरड्या क्लचला थंड करायला फक्त हवा. जॅममध्ये गाडी फूट-फूट सरकते तेव्हा कॉम्प्युटर सतत हाफ क्लच करत असतो, क्लच तापतो, लायनिंगची पकड सारखी राहत नाही, धरतो-सोडतो धरतो-सोडतो, आणि तो हादरा सीटपर्यंत येतो. तुमचं वर्णन, थंड असताना नाही आणि जॅममध्ये अडकल्यावर सुरू, चढावर जास्त, याला तंतोतंत जुळतंय. थोडीशी थरथर कोरड्या क्लचला असते हे मान्य, पण अख्खी गाडी हादरते ते नॉर्मल नाही. शाफ्टच्या सीलमधून तेल झिरपून क्लचवर आलं तरी असंच होतं.

सर्विसवाले बहुतेक वेळा काय करतात, अ‍ॅडाप्टेशन रीसेट मारतात, म्हणजे क्लच कुठे धरायला लागतो हे कॉम्प्युटरला नव्याने शिकवतात. गाडी लगेच लोण्यासारखी चालते, आपण खूश होऊन घरी येतो, आणि काही आठवड्यांत परत तेच. दोष क्लचमध्येच असेल तर रीसेटने नुसती वेळ निघते, आणि वॉरंटीचा काळ तेवढा सरतो. तुमच्या बाबतीत असं झालंय का बघा, सर्विसनंतर काही दिवस बरी चालते का?

मी काय केलं असतं सांगतो. गाडी सर्विसला द्यायची वेळच अशी निवडायची की तिथे पोचेपर्यंत ती जॅममधून तापून आलेली असेल. किल्ली देऊन निघून यायचं नाही. टेक्निशियनला शेजारी बसवायचं, स्वतः चालवायचं, हादरा दाखवायचा, मग त्याला चालवायला द्यायची. त्याच्या हातात पण हादरली तर चालवण्याचा मुद्दा तिथेच संपला. तरी नॉर्मल म्हणाला तर त्याच मॉडेलची दुसरी गाडी, शोरूमची डेमो कार असेल ती, तेवढ्याच वेळ जॅममध्ये चालवून दाखवा म्हणायचं. दोघी सारख्या हादरल्या तर ते म्हणतात त्यात तथ्य आहे, तुमचीच हादरली तर बोलायला काही उरत नाही.

आणि चालवताना एक करा, गाडी इंचाइंचाने सरकवू नका, पुढे थोडी जागा होऊ द्या आणि मग ब्रेक पूर्ण सोडून पुढे घ्या. चढावर अ‍ॅक्सिलरेटरवर गाडी धरून ठेवू नका, ब्रेकवर धरा. हे क्लचच्या भल्यासाठी सांगतोय, दोष तुमचा आहे म्हणून नाही.

---

कागद_पत्र:

टेक्निकल बाजू आली, मी दुसरी सांगतो. निळी_छत्री, तुमच्या पूर्ण पोस्टमधली सगळ्यात गंभीर ओळ मला "जॉब कार्डवर जनरल चेकअप लिहिलेलं" ही वाटली. कारण कागदावर तुमची गाडी आजपर्यंत एकदाही बिघडलेली नाही! तुम्ही इतक्यांदा गेलात ते फक्त तुम्हाला माहितेय, कंपनीच्या सिस्टिममध्ये ती एक चांगली गाडी आहे जी वारंवार चेकअपला येते.

म्हणून यापुढे जॉब कार्डवर तक्रार तुमच्या शब्दांत लिहिल्याशिवाय सही करायची नाही. अ‍ॅडव्हायझर घाईत असतो, तो म्हणेल मी लिहितो नंतर, नाही, समोर लिहा म्हणायचं, शांतपणे, आवाज न चढवता. आणि महत्त्वाचं म्हणजे दर वेळी तेच शब्द. एकदा "जर्क येतो", एकदा "व्हायब्रेशन", एकदा "पिकअप नाही" असं लिहिलं गेलं की पुढे तीन वेगवेगळ्या किरकोळ तक्रारी दिसतात, आणि एकच दोष कितीदा आला ही मोजणी कधी पुरी होत नाही. फोनमध्ये वाक्य लिहून ठेवा, "गाडी गरम झाल्यावर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये कमी स्पीडला हादरते, चढावर जास्त", आणि दर वेळी जसंच्या तसं उतरवायला लावा.

ही मोजणी किती महत्त्वाची आहे ते अमेरिकेतल्या लेमन लॉवरून कळतं. तिथे कनेक्टिकट राज्याने १९८२ मध्ये पहिला असा कायदा केला आणि मग बाकी राज्यांनी. नियम राज्याप्रमाणे वेगळे आहेत, पण बऱ्याच ठिकाणी गाभा हाच, की तोच दोष तीन-चारदा दुरुस्तीला देऊनही गेला नाही, किंवा गाडी एकूण महिनाभर वर्कशॉपमध्ये पडून राहिली, तर कंपनीने गाडी बदलून द्यायची नाहीतर पैसे परत. म्हणजे तिथेसुद्धा सगळं उभं आहे ते "तोच दोष" आणि "कितीदा" या दोन गोष्टींवर, आणि दोन्ही सिद्ध होतात जॉब कार्डावरून. तुम्ही राहता तिथे असा खास कायदा असो नसो, ग्राहक म्हणून दाद मागायला गेलात की पहिला प्रश्न हाच येणार, कागद दाखवा.

गाडी परत घेताना पण कागद घ्या, काय तपासलं, काय सापडलं, काय बदललं. काही सापडलं नसेल तर "तक्रार आढळली नाही" असं तरी लिहून द्या म्हणा. गाडी किती तारखेला आत गेली आणि किती तारखेला बाहेर आली ते त्यावर असलं पाहिजे, किलोमीटर रीडिंगसकट. घरी आल्यावर सर्विस सेंटरला ईमेल टाका आणि कंपनीच्या कस्टमर केअरला कॉपीत ठेवा. फोनवर झालेलं बोलणं कुठेच राहत नाही. डीलरने दाद दिली नाही तर कंपनीचा एरियाचा टेक्निकल माणूस येऊन गाडी बघेल अशी लेखी मागणी करा, बऱ्याच कंपन्यांत अशी सोय असते.

अजून एक, चासी नंबर (तो सतरा अक्षर-आकड्यांचा असतो) देऊन या गाडीला काही रिकॉल किंवा सर्विस बुलेटिन आहे का ते विचारा. रिकॉल बहुतेक वेळा कळवतात, पण बुलेटिन म्हणजे कंपनीने वर्कशॉपला दिलेली सूचना, की अमुक तक्रार आली तर तमुक पार्ट बदला किंवा सॉफ्टवेअर टाका. ते ग्राहकाला कोणी आपणहून सांगत नाही.

---

निळी_छत्री:

बाप रे, तुम्ही सगळ्यांनी एवढं लिहिलंत, खूप खूप आभार. घाटवाट, हो, अगदी तसंच होतं, सर्विसनंतर काही दिवस मस्त चालते आणि मग परत सुरू, मला वाटायचं की माझेच भास. व्हिडिओ काढून ठेवलेत हादऱ्यांचे, आवाजासकट. ते पाठवू का ईमेलमध्ये?

बॅटरीचं कोणी सांगितलं नाही अजून. गाडीत डॅशकॅम आहे, शोरूमच्याच अ‍ॅक्सेसरीवाल्याने वायरिंग करून बसवलाय. सर्विसवाले म्हणतात त्याचा काही संबंध नाही. आणि ते ब्लूटूथचं स्कॅनर मिळतं ते मी घेतलं तर वॉरंटी जाते का?

---

कागद_पत्र:

व्हिडिओ नक्की पाठवा. एका सलग व्हिडिओत स्पीडोमीटर, किलोमीटर रीडिंग आणि हादरा तिन्ही दिसू द्या, कापाकापी नको. चालवताना तुम्ही स्वतः काढू नका, शेजारी कोणीतरी बसवा. आणि डॅशकॅमचं बिल शोधून ठेवा, शोरूमनेच बसवला असेल तर "बाहेरचं फिटिंग आहे, वॉरंटी नाही" असं म्हणायला त्यांना जागा राहत नाही.

---

तेरा_नंबर_पाना:

बॅटरीचं राहिलंच, आणि खरं तर मी असतो तर कामाला सुरुवात तिथूनच केली असती. व्होल्टेज पडलं की गाडीतली कंट्रोल युनिटं नको नको ते कोड टाकतात, ज्यांचा खऱ्या दोषाशी संबंध नसतो, आणि मग शोधणारा भलतीकडेच शोधत बसतो. तुमचे तिन्ही प्रॉब्लेम एकाच कारणाने आहेत असं मला वाटत नाही, लाईटचा वेगळा आणि क्लचचा वेगळा असावा, पण बॅटरी आधी नीट झाली की बाकी चित्र स्वच्छ दिसेल.

बॅटरी नवी टाकून परत उतरते म्हणजे गाडी बंद असताना कोणीतरी करंट खातंय. गाडी लॉक केल्यावर सगळी युनिटं झोपायला वेळ लागतो, काही गाड्यांना वीस मिनिटं, काहींना तासभर. त्यानंतर साधारण ५० मिलीअँपिअरच्या आत करंट असायला हवा. तेवढ्याने दिवसाला सव्वा अँपिअर-अवरच्या आसपास जातात, गाडी काही आठवडे उभी राहिली तरी सुरू होते. तेच जर अर्धा अँपिअर जात असेल तर दिवसाला बारा, तीन दिवसांत छत्तीस, आणि पंचेचाळीस अँपिअर-अवरच्या बॅटरीत मग स्टार्टर फिरवायला काय उरणार. तुमचं तीन-चार दिवसांचं गणित याच्या जवळ जातंय. शिवाय अशी पूर्ण उतरलेली बॅटरी पुन्हा पुन्हा चार्ज केली की ती कायमची कमजोर होते, म्हणजे ती नवी दिली तीही आता तपासून घ्या.

डॅशकॅमचा संबंध नाही हे मोजल्याशिवाय कोणीच म्हणू शकत नाही. वायर कायम सप्लाय असलेल्या फ्यूजवर टाकली असेल आणि पार्किंग मोड चालू असेल तर तो रात्रंदिवस रेकॉर्ड करत बसतो. सगळ्यात सोपी टेस्ट, डॅशकॅम पूर्ण काढून ठेवा, प्लगसकट, आणि गाडी तेवढेच दिवस उभी करा. सुरू झाली तर सापडला चोर. नाही झाली तर सर्विसवाल्यांना जॉब कार्डवर "गाडी बंद असताना करंट ड्रॉ मोजणे" असं लिहायला लावा. मोजताना दोन गोष्टी बघा, बोनेट आणि दरवाजाचं लॅच दाबून गाडीला सगळं बंद आहे असं वाटायला लावलं पाहिजे, आणि गाडी झोपेपर्यंत थांबलं पाहिजे. पाच मिनिटांत मीटर लावून "बरोबर आहे" किंवा "जास्त आहे" काहीही म्हणाले तरी त्याला अर्थ नाही. फ्यूज एकेक उपटून शोधला तर युनिटं परत जागी होतात, म्हणून चांगला इलेक्ट्रिशियन फ्यूज जागेवर ठेवूनच त्याच्या दोन टोकांवरचे मिलीव्होल्ट मोजतो. आणि कीलेस गाडी असेल तर किल्ली गाडीजवळ ठेवत जाऊ नका, घरात लांब ठेवा, काही गाड्या किल्ली जवळ असली की झोपतच नाहीत.

स्कॅनरचं, नुसते कोड वाचायला ते लावलं म्हणून वॉरंटी जाण्याचं मला तरी काही कारण दिसत नाही, डॅशबोर्डखालचं ते सोळा पिनचं सॉकेट त्यासाठीच आहे. तरी वॉरंटी पुस्तिकेत एकदा बघून घ्या. फक्त वाचा, त्यातून काही सेटिंग बदलायच्या भानगडीत पडू नका, क्लिअरचं बटण तर चुकूनही दाबू नका, लाईट लागला की कोड आणि फ्रीझ फ्रेमचा स्क्रीनशॉट घ्या आणि तो कागद_पत्र म्हणतात तसा त्याच दिवशी ईमेल करा. आणि काम झालं की स्कॅनर सॉकेटमधून काढून ठेवा, तो पण थोडा करंट खातो आणि काही गाड्यांना झोपू देत नाही. बॅटरीची टेस्ट चालू असताना तर तो लावलेला नकोच.